नेमबाजीचा पहिला धडा

निपाणीजवळच्या एका खेड्यातील मातेचे पत्र आमच्यापुढे आहे. तिचा १४ वर्षांचा मुलगा शहरातील नेमबाजीच्या क्लबात नाव घालावयाचे म्हणून हट्ट धरून बसला आहे. वडील तर दुभती म्हैस विकून त्यास बंदूक घेऊन देण्याची भाषा करू लागले आहेत. ‘पोराच्या हाती शस्त्र द्यावे काय? आणि त्यापायी घरचे दूध घालवावे काय?’ असे ती माता विचारते. पत्र एका घरचे असले, तरी ही काळजी अनेक घरांची असेल. म्हणून उत्तर येथेच देतो.

मुलाच्या हट्टाचे मूळ शोधावयास दूर जाणे नको. सीमेपलीकडील राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. त्यापूर्वी २०१० साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिक येथे जगज्जेत्या झाल्या होत्या. शेजारच्या मुलुखातील माणसे एवढी मजल मारतात, हे पाहून आपल्या मुलांच्या मनात उमेद जागावी, यात नवल ते काय!

परंतु उमेदीबरोबर त्या यशामागचा काळही पाहिला पाहिजे. स्वप्नील २००९ साली महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. तेथे पहिले वर्षभर केवळ शरीर कसून घेतल्यावर त्याने नेमबाजी हा खेळ निवडला. म्हणजे दाखल झाल्यापासून पदकापर्यंत १५ वर्षे गेली! अंतिम फेरीतही, गुडघ्यावर बसून नेम धरण्याचा पहिला टप्पा संपला तेव्हा तो सहावा होता. पालथे पडून नेम धरल्यावर पाचवा झाला, आणि उभ्याच्या टप्प्यात तिसऱ्या स्थानी पोहोचला.

आता क्लबात नवशिक्यास काय शिकवितात, ते सांगतो. कारण मातेच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. प्रथम त्याच्या हाती गोळी देतच नाहीत. बंदूक रिकामी असली, तरी भरलेली आहे असेच समजावे. नळीचे तोंड लक्ष्याखेरीज कोठेही वळवू नये. नेम धरून होईपर्यंत बोट चापावर ठेवू नये. आणि ‘थांबा’ असा हुकूम होताच तत्क्षणी थांबावे. हे नियम आधी अंगी मुरवितात. मग रिकाम्या बंदुकीने, कोऱ्या भिंतीसमोर, नुसते उभे राहण्याचा सराव होतो.

हवेच्या रायफलीचे लक्ष्य १० मीटरांवर असते आणि त्यातील दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा, मोहरीच्या दाण्याहून लहान! तो साधावयाचा तर श्वास थोडा सोडून थांबवावा लागतो आणि चाप हलकेच दाबावा लागतो. आठ-दहा सेकंदांत नेम स्थिरावला नाही, तर डोळा थकतो, हात कापू लागतो. अशा वेळी चांगला नेमबाज गोळी झाडीत नाही. तो बंदूक खाली घेतो, श्वास घेतो आणि पुन्हा आरंभ करतो. आमच्या मते हाच या खेळाचा पहिला आणि सर्वांत कठीण धडा होय. शाळवावर पाखरे राखताना गोफण फिरविणाऱ्या पोराला दगड सोडण्याची घाई असते. येथे ती घाईच मोडावी लागते. जो मुलगा हे शिकेल, त्याच्या हाती बंदूक देण्याचे भय आम्हांस वाटत नाही.

मात्र घरी बंदूक आणण्याची घाई नको. ४.५ मिलिमीटर छऱ्याच्या आणि २० जूलपर्यंत जोर असलेल्या हवेच्या बंदुकीस कायद्याने परवाना लागत नाही. पण म्हणून ती खेळणे ठरत नाही. तिच्या छऱ्याने डोळा जाऊ शकतो. छरे बहुधा शिशाचे असतात; सरावानंतर हात साबणाने धुतल्यावाचून भाकरीस हात लावू नये. खऱ्या काडतुसांच्या बंदुकीस तर परवाना हवाच.

राहता राहिली म्हैस. स्पर्धेच्या परदेशी रायफलीची किंमत लाखांच्या घरात जाते. परंतु नवशिक्यास स्वतःची रायफल लागत नाही. नवशिक्यांना आपल्या रायफलीवर शिकविणारे क्लब असतात. तेव्हा वडिलांनी प्रथम एक दिवस स्वतः तेथे जाऊन पाहावे. शिक्षक समोर उभा असतो काय, बंदुका कुलुपात राहतात काय, नियम मोडणाऱ्या मुलास बाजूस बसवितात काय, हे डोळ्यांनी पाहून मगच नाव घालावे. फी किती, छरे कोणाचे, हेही आधीच विचारून घ्यावे.

भगिनी, मुलास ‘नको’ म्हणू नका, आणि म्हैसही विकू देऊ नका. एक वर्ष जाऊ द्या. या वर्षात मुलाचे किती छरे ठिपक्यावर बसले, हे मोजू नका. राग आला असता तो क्षणभर थांबावयास शिकला काय, सांगितलेले काम शेवटास नेऊ लागला काय, हे पाहा. तसे झाले, तर रायफलीचा विचार त्या वेळी वडिलांसह बसून अवश्य करा. आणि नाहीच झाले, तर वर्षभराची फी गेली, पण गोठा भरलेला राहिला, एवढे समाधान तरी उरेल.