जॅकखाली फळी हवी

२९ डिसेंबर २०२४ च्या रात्री समृद्धी महामार्गावर, वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव ते वनोजा टोलनाक्याच्या पट्ट्यात, रस्त्यावर पडलेल्या एका लोखंडी फलकाने ५० हून अधिक गाड्यांचे टायर फोडले. प्रवासी रात्रभर थंडीत अडकले. दोष रस्ता सांभाळणाऱ्यांचा, यात वाद नाही. पण ज्याचा एकच टायर गेला आणि ज्याच्या डिकीत हवा भरलेली स्टेपनी व चालू जॅक आहे, त्याला अशा रात्री कुणाची वाट पाहावी लागत नाही.

शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात मात्र जॅक असूनही भागत नाही. आडवी येते ती काळी माती.

श्रावणात औंढा नागनाथला गाड्यांची रीघ लागते आणि नेमकी तेव्हाच रस्त्याची साइडपट्टी चिखलाने भरलेली असते. कारसोबत कंपनी जो कात्री जॅक देते, त्याचा तळ जेमतेम तळहाताएवढा. हजार-अकराशे किलोच्या गाडीचे एक चाक उचलायचे तर जॅकवर साधारण ३०० किलो भार येतो. तळ ७० चौरस सेंटीमीटरचा धरला, तर दर चौरस सेंटीमीटरला ४ किलोंहून जास्त. ओल्या मातीत गाडी वर जाण्याऐवजी जॅकच खाली जातो, आणि तिरका झाला की निसटतो. खाली फूटभर लांब-रुंद जाड फळी टाकली, तर तोच दाब अर्ध्या किलोच्याही आत येतो. फळी कुठल्याही सुताराकडे मिळते. तरी ती डिकीत क्वचितच दिसते.

दुकानात मात्र विचारले जाते ते एकच: किती टनाचा? कारसाठी २ टनांचा पुरून उरतो. बघायची ती जॅकची बंद असतानाची उंची. हायड्रॉलिक बाटली जॅक ताकदवान खरा, पण टायर बसल्यावर आणखी खाली आलेल्या कारखाली तो बरेचदा शिरतच नाही. बोलेरोसारख्या उंच गाडीला तो शोभतो. छोट्या कारला कात्री जॅकच बरा, सोबत लांब दांड्याचा पाना. कारण टायरच्या दुकानात मशीनने आवळलेले नट आखूड पान्याला दाद देत नाहीत. ते सैल करायचे चाक जमिनीवर असतानाच. गाडी उचलल्यावर जोर लावला की ती जॅकवरून घसरलीच म्हणून समजा.

स्टेपनीची गंमत निराळी. जुलै २०२० मध्ये केंद्राने नियम बदलून, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असलेल्या छोट्या गाड्यांना स्टेपनीची सक्ती काढून टाकली. खिळा रुतला तर किट पुरते. खड्ड्याच्या धारेने टायरची बाजू फाटली, तर ते किट काय करणार? सेनगाव किंवा कळमनुरीच्या आडरस्त्यांवर रोज गाडी घालणाऱ्याने ही सवलत नाकारलेलीच बरी.

ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी तरी हे मनावर घ्यावे. शिकणाऱ्याकडून एकदा, तेही डांबरावर नव्हे तर साइडपट्टीवर, चाक बदलून घ्यावे. अकोला-वाशिम-हिंगोली-नांदेड या १६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ लावता येतो. गावाकडच्या फाट्यावर बंद पडलेल्या गाडीपाशी हा नंबर उपयोगाचा नाही.