विश्लेषण : कोल्हापूर-मुंबई विमान तासाभराचे, मग मलकापूरकरांना साडेपाच तास का?

कोल्हापूर ते मुंबई विमानाने साधारण एक तास. मोबाइलवर शोधले की हेच उत्तर मिळते. पण शाहूवाडी तालुक्यातील मलकापूरहून उपचार, न्यायालयातील तारीख किंवा परदेशी विमानासाठी निघणाऱ्याचे गणित वेगळे आहे.

नेमके अंतर किती?

उजळाईवाडी येथील कोल्हापूर विमानतळ ते मुंबई विमानतळ हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ३१० किमी आहे. शोधताना जिल्हा जरूर टाका. बुलढाणा जिल्ह्यात आणि कराडजवळही मलकापूर आहे, त्यामुळे भलतेच अंतर दिसू शकते.

३१० किमीला एक तास का?

एटीआर विमानाचा वेग ताशी सुमारे ५०० किमी असतो. त्या हिशेबाने ३७ मिनिटे पुरायला हवीत. मात्र तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून उतरून पुन्हा थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, खाली येणे हे सगळे त्यात येते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि गर्दीत विमानाला आकाशात घिरट्या घालाव्या लागतात.

मलकापूरकरांची अडचण काय?

मुंबई मलकापूरच्या वायव्येला, तर विमानतळ आग्नेयेला. म्हणजे प्रवाशाला आधी मुंबईकडे पाठ करून, कोल्हापूर ओलांडून सुमारे ५५ किमी जावे लागते.

घर ते परळ, अंदाजे हिशेब :

• मलकापूर ते उजळाईवाडी : दीड तास
• विमानतळावर आधी पोहोचणे : दीड तास
• विमानप्रवास : एक तास
• उतरणे, सामान घेणे : अर्धा तास
• विमानतळ ते परळ : एक तास

एकूण साडेपाच तास. कोकरूड-कराडमार्गे मोटारीने साधारण साडेसात ते आठ तास लागतात. म्हणजे खरी बचत दोन-अडीच तासांची. कोल्हापूरहून सुटणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्रभर घेते, पण त्यात दिवस मोडत नाही.

मग विमान कधी परवडते?

त्याच दिवशी काम उरकून परतायचे असेल किंवा रुग्णाला सात-आठ तास बसवणे शक्य नसेल, तर ही बचत मोलाची. मात्र परतीच्या विमानाची वेळ आधी पाहावी. सकाळी जाऊन संध्याकाळी येण्याची सोय नसेल, तर मुक्कामाचा खर्च वाढतो.

परदेशी विमान पकडायचे असल्यास दोन्ही प्रवास शक्यतो एकाच तिकिटावर घ्यावेत. तिकिटे वेगळी असतील आणि कोल्हापूरचे विमान उशिरा आले, तर पुढच्या कंपनीवर सहसा जबाबदारी नसते. मुंबईत टर्मिनल बदलावे लागणार का, हेही तपासावे.

पुढे काय बदलू शकते?

कोल्हापूरची धावपट्टी १,३७० मीटरवरून १,९३० मीटर झाली, तर नव्या टर्मिनलचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झाले. धावपट्टी आणखी वाढली तर मोठी विमाने येतील. पण मलकापूरकरांचा वेळ आकाशापेक्षा जमिनीवरच जास्त जातो. विमानतळापर्यंतचा दीड तास कमी झाला आणि दिवसातील फेऱ्या वाढल्या, तरच ‘तासाभरात मुंबई’ त्यांच्या उपयोगाची.