डोस वाढला म्हणजे पथ्य मोडले काय?

डोस वाढला की लोक विचारतात, “पथ्य मोडलंस ना?” मला टाइप-१ मधुमेह आहे, म्हणून हा समज खोडावासा वाटतो. यात शरीरच इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. उपचारानंतर पुष्कळदा उरलेल्या पेशी काही महिने सावरतात, डोस घटतो. तेव्हा “बरा झालास, सुई सोड” हा सल्ला जिवावर बेतू शकतो. १९२२ पूर्वी हे रुग्ण इन्सुलिनअभावी फार जगत नसत. पुढे गरज वाढतेच. तापात ती वाढते, श्रमाने घटते. तारापूरच्या कारखान्यात रात्रपाळी लागली, पालघरची गाडी चुकून जेवण लांबले, तरी हिशेब बदलतो. यात दोष कसला? गुरुजनांना व मित्रांना एवढीच विनंती : तासाला कुणी थरथरत साखर तोंडात टाकली, तर त्याला अडवू नका.