गंगेच्या वाळूइतका आकडा

मंडळी, पीक चांगले आले की 'मोप झाले', 'रग्गड झाले' असे म्हणून आपण मोकळे होतो. पण बाजारात 'मोप' म्हणून पट्टी होत नाही, तिथे आकडाच लागतो. आज आकड्यांच्या नावांची गोष्ट सांगतो. ती जपानची आहे.

१६२७ साली, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्या तीन वर्षे आधी, योशिदा मित्सुयोशी या गणितज्ञाने 'जिंकोकी' नावाचे पुस्तक काढले. भाताची खरेदी-विक्री, जमिनीची मोजणी असे रोजचे हिशेब सामान्य माणसाला मण्यांच्या पाटीवर करता यावेत, म्हणून ते लिहिले होते. त्यातच मोठ्या संख्यांची नावे दिली होती.

आपण हजारानंतर दोन-दोन शून्ये वाढवून लाख, कोटी म्हणतो. जपानी माणूस चार-चार वाढवतो. दहा हजार म्हणजे एक 'मान'. दहा कोटी म्हणजे एक 'ओकु'. पुढे बारा शून्यांचा 'चो' आणि सोळांचा 'केइ'. आणखी पुढची नावे तर शेतातलीच वाटतात. अठ्ठावीस शून्यांच्या 'जो'चे अक्षर भरघोस पिकाचे आहे, बत्तीस शून्यांच्या 'को'चे अक्षर पाण्याच्या चराचे.

बावन्न शून्यांवर मात्र आपली गंगामाई भेटते! त्या संख्येचे नाव 'गोगाशा'. 'गोगा' म्हणजे गंगा, 'शा' म्हणजे वाळू. बौद्ध ग्रंथांबरोबर हा शब्द चीनमार्गे तिकडे गेला. त्यापुढचे 'असोगि' म्हणजे आपले असंख्येय, 'नायुता' म्हणजे नयुत. शेवटचे नाव 'मुर्योताइसू', त्यावर अडुसष्ट शून्ये.

एवढी मोठी नावे हवीत कशाला, असे तुम्ही म्हणाल. त्याच पुस्तकातला उंदरांचा हिशेब ऐका. जानेवारीत उंदरांच्या एका जोडीला बारा पिल्ले झाली. झाले चौदा उंदीर. फेब्रुवारीत त्या सातही जोड्यांना बारा-बारा झाली. झाले अठ्ठ्याण्णव. असेच दर महिन्याला चालले आणि एकही मेला नाही, तर डिसेंबरअखेर उंदीर किती?

२७,६८,२५,७४,४०२! म्हणजे दोन हजार सातशे अडुसष्ट कोटींच्या वर. जपानी माणूस वाचील : २७६ ओकु, ८२५७ मान, ४४०२. आज जगातली माणसे आठशे कोटींच्या घरात आहेत. उंदीर त्यांच्या तिपटीहून जास्त झाले!

खरे उंदीर मरतातही, मांजर-साप त्यांना खातात, म्हणून आपण वाचतो. पण वाढीची रीत तीच. पहिले दोन-तीन महिने ती हलकी वाटते, मग आवरत नाही.

व्याजावर व्याज चढते तेही याच रीतीने. म्हणून कर्जाच्या कागदावर अंगठा किंवा सही करण्यापूर्वी मुदतीअखेर एकूण किती भरायचे, तो आकडा अक्षरी लिहून मागा. घरातल्या शिकत्या मुलीकडून तो मोठ्याने वाचून घ्या. नाव घेतले की आकडा डोळ्यांपुढे उभा राहतो. 'बघू पुढे' म्हटले की तो लपून वाढतो.

आणि आज रात्री कणगीमागे खुडबुड ऐकू आली, तर 'एखादाच असेल' म्हणून कूस बदलू नका. आपला जानेवारी चालू आहे असे समजा, आणि उठून सापळा लावा.