आपला तो बाब्या!



"आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं" ही म्हण राजकारणाइतकी दुसरीकडे कुठे लागू पडत नसेल. विरोधी पक्षाचा माणूस सापडला की आपली मंडळी नैतिकतेवर तासभर बोलतात. स्वतःच्या पक्षाचा सापडला की तीच मंडळी अचानक कायदेपंडित होतात! "आरोप सिद्ध कुठे झालाय?", "त्यांच्या लोकांनी काय कमी खाल्लं?", "निवडणूक तोंडावर आहे, आत्ताच कशाला?" माझं म्हणणं नेमकं उलट आहे. आपल्या पक्षाच्या माणसाला पहिला जाब आपणच विचारायला हवा.

न्यू जर्सीकरांना सेनेटर बॉब मेनेंडेझ आठवत असतीलच. त्यांच्या पहिल्या खटल्यात २०१७ साली ज्युरीचं एकमत झालं नाही. पण एप्रिल २०१८ मध्ये सेनेटच्या एथिक्स कमिटीने (जिच्यात दोन्ही पक्षांचे सभासद असतात) महागड्या भेटी स्वीकारल्याबद्दल त्यांना कडक शब्दांत समज दिली. डेमोक्रॅटिक पक्षाने काय केलं? त्याच वर्षी त्यांना पुन्हा निवडून आणलं आणि २०२१ मध्ये परराष्ट्र समितीचं अध्यक्षपद दिलं. २०२२ च्या झडतीत घरात सोन्याच्या विटा आणि लाखो डॉलर्सची रोकड सापडली. दुसरं आरोपपत्र सप्टेंबर २०२३ मध्ये आलं, तेव्हा कुठे निम्म्याहून अधिक डेमोक्रॅटिक सेनेटर्सनी राजीनामा मागितला. तो मिळाला ऑगस्ट २०२४ मध्ये, दोषी ठरल्यावर. जानेवारी २०२५ मध्ये ११ वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या खटल्यातल्या लाचखोरीचा काळ २०१८ पासूनच सुरू होतो, हे विशेष! म्हणजे समज मिळाली होती, फक्त पक्षाला ती ऐकू आली नाही.

"दोषी ठरेपर्यंत निर्दोष" हे तत्त्व मला पूर्ण मान्य आहे, पण ते तुरुंगात टाकण्यापुरतं. उमेदवारी आणि समितीचं अध्यक्षपद हे काही मूलभूत हक्क नव्हेत. ते पक्ष देतो, आणि पक्षच काढून घेऊ शकतो. आमच्या प्रयोगशाळेत एखाद्याच्या आकडेवारीबद्दल शंका आली तर आम्ही कोर्टाच्या निकालाची वाट पाहत नाही. पेपर थांबवतो, आणि पहिली तपासणी सहलेखकच करतात, कारण नाव त्यांचंही जाणार असतं.

"असं केलं तर पक्षच बुडेल" ही भीतीही तपासून पाहू. १९५१ मध्ये काँग्रेसचे खासदार एच. जी. मुद्गल यांनी पैसे घेऊन संसदेत काम केल्याचं प्रकरण आलं, तेव्हा त्यांच्याविरुद्धचा ठराव स्वतः पंडित नेहरूंनी मांडला. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले. हे प्रकरण लोकसभेत लावून धरलं ते फिरोझ गांधींनी. ते सत्ताधारी पक्षाचे खासदार, वर पंतप्रधानांचे जावई! न्या. छागलांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना जावं लागलं. काँग्रेस बुडाली का? १९६२ मध्ये तिला लोकसभेत ३६१ जागा मिळाल्या.

आज भारतात कुणी म्हणेल, १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने खासदारांचे हात बांधलेत. व्हिप मोडून मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं, हे खरं. पण पक्षाच्या बैठकीत प्रश्न विचारायला कुठला कायदा आड येतो?

आणि आपण? विरोधी पक्षाच्या नेत्याला आपल्या निषेधाचं काडीचंही सोयरसुतक नसतं. आपलं ऐकणं भाग असतं ते ज्याला आपली मतं आणि आपले चेक हवे असतात त्याला. इथे सिटिझनच नव्हे, ग्रीन कार्डवालेही निवडणुकीला देणगी देऊ शकतात. तेव्हा पुढच्या फंडरेझरचं आमंत्रण आलं की फोटोसाठी रांग लावण्याआधी एक प्रश्न विचारा: "तुमच्या पक्षातल्या अमुक माणसाबद्दल तुम्ही जाहीरपणे काय बोललात?" उत्तर येईपर्यंत चेकबुक खिशातच राहू द्या.

बाब्या आपला आहे ना? मग त्याचा कान धरण्याचं कामही आपलंच.