आजीची तबकडी

मुंजीचे वा गौरीपूजनाचे चित्रण आज मोबाइलमध्ये विनासायास होते. परंतु ज्या आजीच्या मांडीवर बटू वाढला, तिच्या दृष्टीस ते क्वचितच पडते. तिच्या घरी डीव्हीडी यंत्र अद्याप चालू असेल, तर या सणाला तिला तबकडी करून द्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मात्र फाइल तबकडीवर नुसती उतरविली म्हणजे डीव्हीडी झाली, असे नव्हे. जुन्या यंत्रांना मोबाइलची फाइल बहुधा वाचता येत नाही. ती एमपीईजी-२ पद्धतीत, आपल्याकडील पाल प्रणालीच्या ७२० × ५७६ मापात, सेकंदास २५ चित्रे याप्रमाणे रूपांतरित करावी लागते. ४.७ जीबीच्या तबकडीत सुमारे दोन तास नीट मावतात. त्याहून अधिक कोंबल्यास चेहरे पुसट होतात. (आणि चेहऱ्यांसाठीच तर हा खटाटोप!)

मूळ चित्रणातील सूक्ष्म तपशील या रूपांतरात गळतो. जीर्ण पोथीची नक्कल झाली की मूळ पोथी नदीत विसर्जित करण्याची रूढी होती. येथे तसे मुळीच करू नये. घरी लिहिलेल्या तबकडीतील रंगद्रव्य उन्हाने बिघडते. म्हणून मूळ फाइल दोन निराळ्या ठिकाणी जपावी आणि तबकडी आजीकडे धाडण्यापूर्वी एकदा यंत्रावर लावून पाहावी.