जुन्या बुलेटला आधी उजेड द्या

मंडळी, जुन्या बुलेटवर पैसा ओतणारे बरेच भेटतात. क्रोमचे गार्ड, फटफट वाजणारा सायलेन्सर... माझं मत विचाराल तर (न विचारताही सांगणारच!) पहिला खर्च दिव्यावर करावा.

वडशाहून आरमोरीकडे रात्री जाऊन बघा. रस्त्यात बसलेली गुरं, कडेला जंगल. १३ माणसं मारणारा सीटी-१ वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडशाच्याच जंगलात पकडला होता. जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट हँडलच्या स्विचमधून, बारीक जुनाट वायरींतून फिरून येतो. वाटेतच व्होल्टेज गळतं नि दिवा पिवळा पडतो. मग लोक १०० वॅटचा बल्ब टाकतात. वायर तापते, बॅटरी बसते. त्यापेक्षा एक रिले, एक फ्यूज आणि बॅटरीपासून थेट जाड वायर टाका. बल्ब ६०/५५ वॅटचाच ठेवा, अर्थिंगचा गंज खरवडा. एका दुपारचं काम, खर्च टाकीभर पेट्रोलपेक्षा कमी.

मग ब्रेक-शू. उजव्या पायाचा गिअर डावीकडे आणायचा खर्च मात्र मला पटत नाही. पायाला सवय होते हो!

आणि हो, जास्तीचे दोन फ्यूज टूलबॉक्समध्ये असू द्या. जंगलात दुकान नाही.